नाकेदाराला चेहरा लागतो

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि रूपीबाई भरलेला घडा डोक्यावर घेऊन जंगलनाक्याच्या अंगणात उभी आहे. घडा उतरवायची परवानगी नाही. समोर बाज टाकून दोधू नाकेदार बसला आहे. हातात चहाची बशी, नजर तिच्या मानेवर.

ही वेळ नाक्यावरच्या घड्याळाची. तळोद्याहून तोरणमाळकडे चढणाऱ्या या वाटेवर दहा मैलांत दुसरं घड्याळ नाही. खालच्या पाड्यात नऊ घरं आहेत. वेठ म्हणून दर दिवशी एका घराच्या बाईने झऱ्याचं पाणी सहाच्या आत नाक्यावर पोचवायचं. उशीर झाला तर एका मिनिटाला पाच मिनिटं घडा डोक्यावर घेऊन उभं राहायचं. म्हणजे आज सात वाजेपर्यंत.

घड्याळ पस्तीस मिनिटं पुढे आहे. १९३७च्या जानेवारीत तळोद्याच्या कचेरीतला एक कारकून तपासणीला आला होता, त्याने खिशातल्या घड्याळावरून ही चूक दाखवली. दोधूने आभार मानले, त्याच्यादेखत काटे मागे घेतले आणि तो घाट उतरताच पुन्हा पुढे केले. कारकुनाने शेरा लिहिला : नाकेदार कडक, नाका स्वच्छ.

दोधू ओरडत नाही. शिवी देत नाही.

"मान दुखी ऱ्हायनी का व, रूपी?" तो आपल्या अहिराणीत विचारतो, वैद्याने विचारावं तसं. "खालून दुखस का वरून?"

घडा पडून फुटला तर तो हसतो आणि दुसरा घडा देतो. अंगणातली दोन्ही पिंपं तेव्हा काठोकाठ भरलेली असतात.

अशा माणसाला लोक तापट म्हणतात, शिस्तीचा म्हणतात. हे शब्द त्याला सवलत देतात. राग चढतो आणि उतरतो. दोधूला तो कधी चढतच नाही. समोरच्याला दुखतं आहे एवढं त्याला पुरतं. मनाचे वैद्य याला स्वभावाची विकृती म्हणतात. विकृती म्हटलं की माणूस आजारी वाटतो, आणि आजाऱ्याला माफ करायची सगळ्यांना घाई होते. पण हे कुणासमोर करायचं आणि कुणासमोर नाही, ते दोधूला नेमकं कळतं. कारकून आला त्या दिवशी त्याने रूपीबाईला सावलीत बसायला सांगितलं होतं, तेही "रूपीबाई" म्हणून. लहानपणी बाप त्याला बैलाच्या दाव्याने मारायचा, असं त्याची बाजू घेणारे सांगतात. तापीकाठी त्याचे दोन भाऊ आहेत. तेही त्याच बापाचे, त्याच दाव्याखालचे. ते शेती करतात आणि पाणक्याला आधी भाकरी देतात.

पाड्याने मात्र त्याला रागावलेला माणूस समजण्याची चूक केली. भिलांच्या पंचात प्रत्येक भांडणाला कारण असतं. ज्याला राग आहे त्याने आपलं गाऱ्हाणं सांगायचं, दुसऱ्याने गुन्हा कबूल करायचा, मग दोघांनी पानाच्या एकाच द्रोणातून मोहाची दारू प्यायची. भांडण तिथे मिटतं, पुन्हा कुणी ते काढत नाही. होळीनंतर पाड्याचा कारभारी गोवाल चार पंच, एक कोंबडा आणि दारूची बाटली घेऊन नाक्यावर गेला. रूपीबाई मागे दाराशी बसली होती.

"साहेब, आमचा गुन्हा काय, ते सांगा," गोवाल म्हणाला.

दोधूचा चेहरा खुलला. "तुम्हीच सांगा ना भो. कोणी काय करं?"

ती पाच माणसं तासभर गुन्हे आठवत बसली. एकाने सागाची फांदी सांगितली, एकाने बकरी. आठवणीतले संपल्यावर त्यांनी रचून सांगितले. प्रत्येक वेळी दोधू म्हणायचा, "आजून एक." शेवटी त्याने दारू प्यायली, कोंबडा ठेवून घेतला आणि पुढच्या पाळीपासून डोक्यावर एकाऐवजी दोन घडे केले. दोन आठवड्यांनी कंटाळून पुन्हा एक केला.

उतरताना रूपीबाई म्हणाली, "याचं भांडण नाहीच कुणाशी. याला मजा येते."

"गुन्ह्याशिवाय छळणारा माणूस नसतो, वहिनी," गोवाल म्हणाला. "आपल्याला अजून सापडला नाही, एवढंच."

रूपीबाईने मग स्वतःपुरता उपाय केला. चार पाळ्या ती घड्याखाली डोंगराकडे बघत उभी राहिली. ओठ हलू दिला नाही. दोधूने बाज जवळ ओढली, आणखी जवळ ओढली. चौथ्या पाळीला म्हणाला, "तू ते लाकूड व्हयी गयी. पुढली पाळीले तुन्ही सूनले धाड."

सून गंगी सात महिन्यांची गरोदर आहे. तिचा नवरा नारसिंग कोळशाच्या भट्टीवर गेला आहे, तो पावसाआधी परत यायचा नाही. नऊ दिवस गंगी घडा डोक्यावर घेऊन झोपडीभोवती फेऱ्या घालत होती. काल रूपीबाईने तो तिच्या हातातून काढून घेतला.

म्हणून आज अंगणात रूपीबाईच आहे. दोधूने तिला पाहून बशी खाली ठेवली.

"सून कोठे शे?"

"ओ याहा!" रूपीबाई आईच्या नावाने किंचाळली. "मान तुटली, साहेब!"

अंगणात उभं राहून अजून दोन मिनिटंही झाली नव्हती. पाणी तिच्या डोळ्यांतून आलं आणि थांबेना. रडणं ठरवून होतं. मान खरंच दुखत होती, चार पाळ्यांपासून. दोधू पुढे वाकला. त्याच्या चेहऱ्यावर भुकेल्यापुढे ताट यावं तसं समाधान आलं.

"कोठे? दखाड बरं. आजून रड."

ती सात वाजेपर्यंत रडली. मग त्याने हाताने खूण करून घडा उतरवायला सांगितलं.

"अशी ऱ्हाय ना व. सून ऱ्हाऊ दे. तूच येत जाय."

पाड्यावर परतल्यावर गंगीने तिच्या मानेला डोळीचं, मोहाच्या बियांचं, कोमट तेल लावलं. "फुई, मी गेले असते," ती सासूला म्हणाली.

"तू जायचं नाहीस. त्याला रडं पाहिजे, ते मी देते. म्हातारीचं रडं फुकट मिळतं."

दुपारी ती गोवालच्या दारात गेली. गोवाल टोपली विणत होता, त्याची बायको रमीबाई घडा घासत होती.

"रमी, पोचल्याबरोबर ओरड. वाट बघायला लावलीस तर तो तुझ्या पोरीचं नाव घेईल."

गोवालने कामटी खाली ठेवली. "आणि गुन्हा विचारला तर?"

"भाऊ, तुम्ही पाच जणांनी सांगितले तेवढे पुरेत."

गोवालने कामटी उचलून पुन्हा टोपली विणायला घेतली.

उद्या पाळी गोवालच्या घराची आहे. कोंबडा दुसऱ्यांदा आरवला की रमीबाई झऱ्यावर घडा भरून निघेल. नाक्यावरच्या घड्याळात तेव्हा पावणेसहा झालेले असतील, आणि झऱ्यापासून नाका अर्ध्या तासाच्या चढावर आहे.