रेघ, शून्य, रेघ

चाळणे,

हे पत्र हातात पडलं की तू आधी चष्मा पुसशील, मग लाल पेन शोधशील, आणि मजकूर काय आहे ते त्यानंतर बघशील. खुशाल चुका काढ. या वेळी मी भांडणार नाही. दोन वर्षं झाली तू माझ्याकडे फिरकलेली नाहीस आणि फोनवर आपण हवापाण्याच्या पुढे सरकत नाही. माझ्या वयात आणखी किती दिवस तोंडात गुळणी धरून बसायचं? म्हणून झालं ते सलग लिहून काढते. पण 'तू असं केलंस, तू तसं म्हणालीस' असं लिहायला लागले की माझा सूर चढतो. तेव्हा तुझी गोष्ट एखाद्या तिऱ्हाईत बाईची असावी तशी सांगते. त्यात मीही येईन. तिथे मला थोरली म्हणीन. सूट कुणालाच नाही.

*

चाळणी हे तिचं छापखान्यातलं नाव. सव्वीस वर्षं ती तिथे मुद्रितं तपासायची. चार जणांच्या डोळ्यांखालून सुखरूप निघालेली चूक हिच्यापाशी येऊन हमखास अडकायची, म्हणून चाळणी. छापखान्याची एक रीत होती. तपासणाऱ्याने शेवटच्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात आपली खूण करायची. उद्या पुस्तकात काही चुकलेलं निघालं तर कुणाचा कान धरायचा ते कळलं पाहिजे. बाकीचे आपली आद्याक्षरं लिहीत. चाळणी काढायची एक आडवी रेघ, मग शून्य, मग पुन्हा रेघ. शून्य कसलं म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "उरलेल्या चुकांचं." सव्वीस वर्षांत त्या खुणेवरून तिचा कान दोनदाच धरला गेला, आणि त्यातल्या एका खेपेला चूक मालकाची होती.

छापखान्याला कुलूप लागलं तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, भाड्याच्या दोन खोल्या. निरोपाला मालकाने तिची रोजची खुर्ची तिला देऊन टाकली. खुर्चीचा एक हात डुगडुगत होता, पण चाळणीला तीच लागायची.

थोरल्या बहिणीची मुलगी एका संध्याकाळी आली आणि तिने मावशीला संगणकासमोर बसवलं. ही भाची म्हणजे जीभ आणि बोटं, दोन्ही सारख्याच वेगाने चालणारी. "मावशी, घरबसल्या लिहायचं आणि पैसे घ्यायचे. तुझ्यासारखं लिहिणारं तिथे कुणी नाही. बघच तू."

तिथे लिहिणारे ढिगाने होते. त्या ऑनलाइन बाजाराचा कारभार म्हणजे उलटा लिलाव. लिलावात बोली वर चढते, इथे खाली उतरते. कुणीतरी जाहिरात टाकायचा की अमुक इतकी वर्णनं हवीत, काम सोपं आहे, आणि तासाभरात तीन-चारशे माणसं 'मी याहून स्वस्तात करतो' म्हणत धावायची. चाळणीला पहिलं काम मिळालं ते पायपुसण्यांचं. बेचाळीस पायपुसणी, प्रत्येकाबद्दल एक परिच्छेद, आणि 'मऊ' हा शब्द सगळ्यांत मिळून पाच वेळाच वापरायचा. तिने तो चारदाच वापरला. एका पानाच्या पैशात एक पाव यायचा. लोणी ज्याचं त्याने बघायचं.

मग एक जण नमुना म्हणून दोन पानं फुकट मागायचा. ती मन लावून लिहायची. तो गायब. महिनाभराने तीच दोन पानं त्याच्या दुकानाच्या जाहिरातीत झळकलेली दिसायची, स्वल्पविरामांसकट. तिने दर थोडा वाढवून पाहिला तर आठ दिवस कुणी दारात उभं राहिलं नाही. काम झालं की गिऱ्हाईक तारे देतं, ज्याचे तारे जास्त त्याला दर जास्त. हिला तारे नाहीत म्हणून चांगलं काम नाही, आणि चांगलं काम नाही म्हणून तारे नाहीत. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत.

चाळणीला श्रीमंत व्हायचं नव्हतं. आपलं लिखाण आपल्या नावावर, रास्त दराने कुणीतरी घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. पायपुसण्यांनंतर कुत्र्यांचे पट्टे झाले, पट्ट्यांनंतर पडद्यांच्या कड्या झाल्या, आणि ती एके दिवशी भाचीला म्हणाली, "मला वाटतं, मी एवढ्याच किमतीची आहे."

"काहीतरीच काय. असं करू. माझं खातं जुनं आहे, तारे भरपूर आहेत. काम मी माझ्या नावावर घेते, लिही तू. तुझा जम बसेपर्यंत."

"आणि दर?"

"आपल्यात आता दराच्या गोष्टी करायच्या का? येतील ते तुझेच. मला वरचं काहीतरी राहील, चहापुरतं."

आलेलं पहिलं काम चाळणीला आवडलं. शिलाई यंत्र घरी कसं ठेवावं, कसं पुसावं, कुठे तेल द्यावं, यावर पुस्तिका. शेजारच्या शिंपिणीकडे जाऊन तिने चार दुपारी यंत्र उघडून पाहिलं, हात काळे करून घेतले आणि मग लिहिलं. पुस्तिका संपली तशी जुन्या सवयीने खाली खूण केली. रेघ, शून्य, रेघ.

"ते मी पुसून टाकते हं, मावशी," भाची म्हणाली. "गिऱ्हाईक गोंधळतं."

"पूस. माझा हात थांबत नाही."

दुसरी पुस्तिकाही तशीच झाली. पैसे मात्र पानाला दोन पाव, त्याच्या पुढे नाही. चाळणीने एकदा भीतभीत विषय काढला. "अगं, जरा वाढवून माग की. दिवस जातो एका पानाला."

"बाजारच पडलाय, मावशी. मीच त्याच्या पाया पडून काम आणते. जास्त ताणलं तर तुटेल."

त्याच सुमारास थोरलीच्या स्वयंपाकघरात नवा फ्रीज आला, दोन दारांचा. पोरीने आईला घेऊन दिला. चाळणी बघायला गेली, गार पाणी प्यायली, दार दोनदा उघडून मिटलं आणि म्हणाली, "नशीब काढलंस गं. गुणाची पोर आहे."

तिसऱ्या पुस्तिकेच्या वेळी भाचीने कळवलं की ते गिऱ्हाईक बसलं, धंदा गुंडाळला. चाळणी पुन्हा स्वतःच काम शोधायला लागली. पण आता ती शहाणी झाली होती. 'काम सोपं आहे' असं जिथे लिहिलेलं असेल तिकडे ती बघायची नाही. फुकट नमुना बंद. त्याऐवजी जाहिरात देणाऱ्याचंच एखादं लंगडं वाक्य घ्यायचं, ते सरळ करायचं, खाली आपला दर लिहायचा आणि पाठवून द्यायचं. बहुतेक जण चिडायचे. एकाने लिहिलं, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?

चार महिन्यांनी एक जाहिरात दिसली. 'छापलेली पुस्तिका दुरुस्त करून हवी. स्वस्तातलं नको. एकदा पोळलो आहे.' चाळणीने वाक्य सरळ केलं नाही, कारण त्यात करण्यासारखं काही नव्हतं. तेवढंच तिने लिहिलं, आणि खाली दर टाकला, आजवर कधी मागितला नव्हता असा. दुसऱ्या दिवशी होकार आला. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या दराने. तिने थोरलीला फोन करून सांगितलं तेव्हा तिचा आवाज शाळेत पहिली आलेल्या मुलीसारखा होता.

दुपारी पुस्तिका आली. शिलाई यंत्रांची काळजी, भाग तिसरा.

पहिल्या पानावर तिला वाटलं की विषय ओळखीचा आहे, बरं झालं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की यंत्राच्या पट्ट्याला आठवड्यातून एकदा तेल द्यावं. पट्ट्याला तेल लागलं की तो घसरतो आणि यंत्र जागच्या जागी बसतं, हे शिंपिणीने तिला पहिल्याच दुपारी सांगितलं होतं, आणि तिने ते पहिल्या पुस्तिकेत ठळक करून लिहिलं होतं. पुढे सुई उलटी बसवली होती. त्याच्या पुढे एकच परिच्छेद दोनदा आला होता. लिहिणारे हात तीन-चार असावेत आणि कुणाचंच एकमेकांशी बोलणं नसावं. एकतीस चुका मोजून ती शेवटच्या पानावर आली. तळाशी, डाव्या कोपऱ्यात, रेघ, शून्य, रेघ.

तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. खूण होती तिथेच होती.

यंत्रांच्या दुकानदाराचा संध्याकाळी फोन आला. सरळ माणूस, मोठ्याने बोलणारा. "पहिल्या दोन पुस्तिका बघा तुम्ही. सोनं आहे. गिऱ्हाइकं फ्रेम करून लावतील अशा. आणि ही तिसरी. माझी पाच यंत्रं परत आली, पट्ट्याला तेल घातलेली."

"खाली ही खूण कसली?" चाळणीने विचारलं.

"तीच तर गंमत. पहिल्या पुस्तिकेत चुकून राहिली होती. मी विचारलं, हे काय? तर त्या मॅडम म्हणाल्या, आमच्याकडच्या सगळ्यात अनुभवी बाईंची खूण आहे, त्यांच्या हाताखालून गेलं की दर वेगळा पडतो. दिला. मजकूरच तसा होता." त्याने दर सांगितला. चाळणीला पोचत होता त्याच्या आठपट.

"आणि तिसऱ्याबद्दल तक्रार केलीत का?"

"केली की. म्हणाल्या, काय करणार, बाईंचं वय झालं, हल्ली नजर चुकते."

पलीकडून "हॅलो, आहात ना?" असं दोनदा आलं.

"आहे."

"तुमचा दर मला मान्य आहे. हवं तर तुमचं नाव छापतो. फक्त एक करा, ती खूण काढून टाका. ती दिसली की माझं डोकं फिरतं."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण त्याच्यामागून भाचीचं नाव सांगावं लागलं असतं, तिचं खातं गेलं असतं, आणि बहिणीचं घर त्याच खात्यावर चालत होतं. शिवाय त्याने विश्वास का ठेवावा? कुणीही उठून म्हणेल की चांगलं ते माझं आणि वाईट ते दुसऱ्याचं.

"पुसते," चाळणी म्हणाली.

आठ दिवस बसून तिने पुस्तिका नव्याने उभी केली. दुकानदाराने ठरल्या दराने पैसे दिले, सगळे तारे दिले, वर चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या. त्या ओळींवर तिला पुढे कामं मिळत गेली, आजही मिळतात, रास्त दराची. पण त्यानंतर कुठल्याही मजकुराखाली तिने खूण केली नाही. हात थांबायला शिकला.

मग तिने ती चुकीची तिसरी पुस्तिका कागदावर छापून घेतली, छापखान्यातल्यासारखी लाल पेनाने तपासली, एकतीसच्या एकतीस चुका समासात ओढून काढल्या. शेवटच्या पानावर खुणेभोवती लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'ही माझी नाही.' कागद पाकिटात घातले, तोंड चिकटवलं आणि ती थोरलीकडे गेली. भाची कामासाठी परगावी होती, रविवारी येणार होती.

"हे तिच्या हातात दे," चाळणी म्हणाली. "बोलू काही नकोस. रागावू नकोस. तिने एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं, बस."

"आहे काय त्यात?"

चाळणीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पाच मिनिटांत. मग विचारलं, "ताई, तुला माहीत होतं?"

"मला काय कळतंय त्या कॉम्प्युटरमधलं?" थोरली म्हणाली.

थोरली ही पदवी घेतलेली, तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. वर्तमानपत्र रोज स्क्रीनवर वाचणारी. आणि तिला कळत होतं. फ्रीज आला त्याच आठवड्यात लेक जेवताना हसून म्हणाली होती, "मावशी फार स्वस्तात पडते गं. आणि चुका फक्त कागदातल्या काढते." थोरली त्यावर हसली होती. बहीण कमी पैशात खूश आहे आणि लेक सुखात आहे, मग आपण मध्ये कशाला पडायचं, असा हिशेब तिने केला. कुंपणाने शेत खाल्लं असं लोक म्हणतात. इथे राखणदार बांधावर बसून बघत होता.

चाळणीने उत्तर ऐकलं. मुद्रितातल्या संशयाच्या शब्दाकडे बघावं तसं थोरलीकडे क्षणभर बघितलं. "बरं," म्हणाली आणि निघून गेली. पाणीही प्यायली नाही.

रविवारी लेक आली. दमलेली होती, डोकं दुखत होतं. थोरलीने ठरवलं, जेवण होऊ दे. जेवणानंतर लेक झोपली. संध्याकाळी तिच्या मैत्रिणी आल्या. पुढच्या खेपेला तिचं लग्न ठरत होतं, मग ठरलं, मग झालं. दर वेळी काहीतरी होतंच. खरं सांगायचं तर पाकीट दिलं असतं तर लेकीने विचारलं असतं, "तुला तर माहीत होतं ना?" आणि या घरात ते पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं असतं.

लग्नाला चाळणी आली होती. आहेर देऊन, नवऱ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. पाकीट फ्रीजवर होतं, वॉरंटीच्या कागदांखाली, एक कोपरा बाहेर डोकावत होता. चिकटवलेलं तोंड तसंच होतं. तिने हात धुतले, पुसले आणि जेवायला न थांबता घरी गेली. थोरली दारातच उभी होती. तिने पाहिलं, की चाळणीने पाहिलं.

लेक आता वर्षातून तीन-चारदा येते. गेल्याच महिन्यात येऊन गेली. फ्रीजमधलं पाणी काढताना तिचा हात त्या पाकिटाला लागला, पाकीट खाली पडलं. "हे कसलं गं, आई?" तिने विचारलं.

"जुने कागद आहेत," थोरली म्हणाली, आणि तिने ते उचलून पुन्हा वर ठेवलं.