मावशीच्या डिस्कवरची जागा कोणी खाल्ली

टाचणीमावशीचा विश्वास फक्त टाचणीवर. टोचते, पण लपूनछपून टोचत नाही, असं ती म्हणायची. बाकी साऱ्या जगाकडे एक डोळा बारीक करून बघायची. कडी लावली की ती परत ओढून बघणार, भाजी घेतली की पिशवीचा तळ चाचपणार. नवरा लवकर गेला, शिवणाच्या जोरावर एकटीने लेक वाढवली, तेव्हापासून आपल्याला कोणी सूतभरही फसवू नये ही सवय लागली, ती लागलीच.

पुढच्या खोलीत तिचं भरतकामाचं मशीन. कॉम्प्युटरवर नक्षी जुळवायची, तारेतून मशीनला पाठवायची, की ते खडखडत गणवेशाच्या खिशांवर चिन्हं भरत बसायचं. पण कॉम्प्युटर आता म्हातारा झाला होता. मोठी नक्षी उघडली की धापा टाकायचा. एका रविवारी जावई आला आणि त्याच्यापुढे तासभर बसला.

"आई, याची मेमरी कमी पडते," तो म्हणाला. "नवी घालेपर्यंत हार्ड डिस्कवरची थोडी जागा मी तिच्या मदतीला दिलीय. व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. आणि रिस्टोर पॉइंट करून ठेवलाय. पुढेमागे काही बिघडलं, तर यंत्राला मागच्या चालत्या स्थितीत नेता येतं."

"बरं केलंत हो, जावईबापू."

नक्षी भराभर उघडायला लागली, हे खरं. पण जावयाची पाठ फिरल्याबरोबर मावशीने डिस्कवर किती जागा उरली ते बघितलं, आणि मनात पाल चुकचुकली. थोडी कसली, चांगला लचका तोडला होता.

तिने शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावलं. हा गडी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. त्याने दडवलेल्या फायली दिसतील असं काहीतरी केलं, तर एक भलीमोठी फाइल डोकं वर काढून उभी. मावशीने ती उघडायला घेतली, तर उघडेना. वापरात आहे म्हणे. कोणाच्या?

"लपवलेली, एवढी मोठी, आणि उघडत नाही," झेरॉक्सवाला हनुवटी खाजवत म्हणाला. "मी काही बोलत नाही, मावशी."

"न बोलता बरंच बोललास."

माणूस स्वतःच्या घरात जागा असताना सासूच्या घरात काय दडवतो? जे बायकोला दाखवता येत नाही ते. तोंडावर विचारायची तर सोय नाही, जावई म्हणजे दहावा ग्रह. एक शब्द वाकडा गेला तर भोगणार लेक. हे सगळं कळत होतं, तरी मावशीने लेकीलाच फोन लावला.

"तुझा नवरा बरा आहे ना?"

"बराय. का गं?"

"फोन लपवतो का तुझ्यापासून?"

"आई, काय झालंय?"

"कुठे काय? माझ्या कॉम्प्युटरमध्ये त्याने काहीतरी कुलूपबंद ठेवलंय. आपलं तुझ्या कानावर घातलं."

पलीकडे लेकीने फोन ठेवला. शेवटी लेकही मावशीचीच, एवढं तिला पुरलं.

मग मावशीने झेरॉक्सवाल्याला व्हर्च्युअल मेमरी बंद करायला लावली, रिस्टोर पॉइंट पुसायला लावला, आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. फाइल नाहीशी, जागा मोकळी. गेलेला दागिना परत मिळावा तशी ती खूश झाली.

पण एक-दोन दिवसांतच दवाखान्याच्या गणवेशांवर चिन्ह भरायचं काम आलं. संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता. मावशीने नक्षी उघडली, तर पडदा गोठला. मेमरी अपुरी, असं दाखवून नक्षी बंद. परत उघडली, परत तेच. झेरॉक्सवाला म्हणाला, "माझ्याकडे गिऱ्हाईक आलंय," आणि गेला तो गेलाच. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी जावयालाच बोलवावं लागलं.

तो कामावरून तसाच आला. थोडा वेळ बघून म्हणाला, "आई, हे कोणी बंद केलं?"

"झालं असेल आपोआप."

"आणि रिस्टोर पॉइंट? तोही आपोआप पुसला गेला?"

मावशी धाग्याची रिळं नीट लावायला लागली.

"अहो, ती फाइल कॉम्प्युटरची स्वतःची असते. मलासुद्धा उघडत नाही. तुम्ही शिवणीत आत कापड सोडता, ते बाहेरून दिसतं का?"

"नाही दिसत. पण मी गिऱ्हाइकाला सांगते."

"मीही सांगितलं होतं."

"तुम्ही 'थोडी' म्हणालात!"

तो हसला. व्हर्च्युअल मेमरी पुन्हा चालू केली आणि कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत खुर्चीला टेकून बसला. मग हळूच म्हणाला, "आई, तुमची लेक परवापासून माझ्याशी धड बोलत नाही. जेवायला वाढते आणि आत निघून जाते. माझं काय चुकलं तेच कळत नाही. तुम्हाला काही बोलली का?"

आता मात्र रिळं लावून भागणार नव्हतं.

"ती काय बोलणार? मीच बोलले," मावशी म्हणाली. "तुम्ही इथे काहीतरी दडवलंय, असं मीच तिच्या डोक्यात भरवलं."

जावई कॉम्प्युटरकडे वळला. नक्षी उघडली, ती मशीनकडे पाठवली, पहिला खिसा भरून होईपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, "नवा रिस्टोर पॉइंट करून ठेवतो."

"म्हणजे बिघडलं तर यंत्र आजच्या दिवसावर परत येणार?"

"हो."

"मग आज नको. उद्या करा."

"यंत्राला आजचा दिवस चांगला आहे, आई. माणसांचं बघू." आणि चहाला नको म्हणून, पाणीसुद्धा न पिता जिना उतरला.

मावशी खिडकीशी गेली, पडदा बोटभर सारला. जावई गाडीला टेकून, खाली मान घालून कोणाशी तरी फोनवर बोलत होता. कोणाशी? तिने लगेच लेकीचा नंबर लावला. लागेना, दुसऱ्या कॉलवर होती. थोड्या वेळाने परत लावला, तरी तेच. खाली जावई अजून बोलतच होता, आणि आता हातवारेही करत होता.

मावशीने फोन ठेवला, पडदा सोडला आणि दुसरा खिसा मशीनला लावला.