काकूंच्या डब्यांतली मालवाहतूक

जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसातल्या टेबलावर स्टीलचे डबे ट्रकसारखे धावायचे. ते पळवणाऱ्या काकू म्हणजे आमच्या सगळ्यांत अनुभवी जावा प्रोग्रामर. कोणाला एखादा मुद्दा कळेनासा झाला की त्या आपला डबा पुढे सरकवत. "हा डबा म्हंजी गाडी. ही चटणी म्हंजी माल. आता तुमची वांग्याची भाजी मी माझ्या डब्यात घेतली. सांगा, माल बदलला का गाडी?" आम्ही विचार करून उत्तर देईपर्यंत वांगी संपलेली असत.

काकू माहेरच्या वैजापूरच्या, राहायला हर्सूलला. मुलं शाळेत जायला लागल्यावर कॉम्प्युटर शिकल्या आणि मुलं कॉलेजात गेली तेव्हा आमच्याकडे रुजू झाल्या. वयाने त्या माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, पण कंपनीचे मालक असलेले सरही त्यांना काकूच म्हणत, तिथे माझी काय कथा!

बिडकीनच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठजींचं काम आम्हाला मिळालं. कोणता माल कुठल्या गाडीत, कुठवर पोचला, हे सगळं त्यांना एका जागी दिसायला हवं होतं. मी घाईघाईत एक रचना केली. तिच्यात ट्रक हाच राजा. माल, ड्रायव्हर, थांबे, सगळं त्याच्या पोटात. काकूंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर नवरदेवाच्या खिशात मांडव कोंबल्यावानी झालं."

दोन दिवसांनी त्यांनी इंटरनेटवरून जावाची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, शोधून आणली. युरोपातल्या काही मंडळींनी ती खास मालवाहतुकीसाठी लिहून सर्वांना खुली ठेवली होती. तिच्यात गाडी वेगळी, माल वेगळा, थांबा वेगळा आणि फेरी वेगळी. हवं तसं एकमेकांना जोडायचं. शिवाय ठरलेलं काय आणि प्रत्यक्षात घडलेलं काय, हे दोन्ही शेजारी शेजारी राहायचं. सरांना काही ते पटेना. "लोकांचं तयार घ्यायचं, तर आपण कशाला आहोत?"

"सर, चपला तरी आपण कुठं शिवतो?" काकू म्हणाल्या. "पण चालतो आपल्याच पायानं ना?"

सर हसले, आणि तिथेच ते हरले.

काकूंची दुसरी खोड अशी, की जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते त्यांना लिहिता येत नसे. त्या शेठजींच्या परवानगीने बिडकीनहून निघालेल्या एका ट्रकमध्ये बसून थेट वैजापूरला गेल्या. परत आल्या त्या धुळीने माखून, पण लग्नाला जाऊन आल्यासारख्या खुशीत. "तुमच्या कोडात गाडी सुटती आन पोचती," त्या मला म्हणाल्या, "मधी काय हाय का नाय? अवो, चहा हाय, रेल्वेचं फाटक हाय, ड्रायव्हरची मेव्हणी हाय. तिच्याकडं अर्धा घंटा थांबलो आमी. लई ग्वाड बाई!" त्या दिवसापासून आमच्या प्रोग्राममध्ये थांब्यांना मान मिळाला.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. एक दिवसाची कोंबडीची पिल्लं घेऊन शेठजींचा ट्रक वैजापूरकडे निघाला होता. भर दुपारी वाटेत त्याचा अ‍ॅक्सल तुटला. ड्रायव्हरने दोन टेम्पो थांबवले आणि हाताला येतील तशी खोकी त्यांत भरली. कोणत्या शेतकऱ्याची पिल्लं कुठल्या टेम्पोत गेली, कुणालाच कळेना. एक बाई शेडमध्ये भुसा पसरून, पाणी भरून वाट पाहत होत्या. कर्ज काढून घातलेली त्यांची पहिलीच खेप. त्या सारख्या फोन करत होत्या. "उनात मरतील वो ती! कुठं हायत तेवढं तरी सांगा."

माझ्या जुन्या रचनेत ट्रक बंद पडला की सगळंच बंद पडलं असतं. टेम्पो अजून ट्रकपाशीच उभे होते. काकूंनी ड्रायव्हरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. अख्ख्या ऑफिसात चिवचिवाट भरला. "भैया, एकेक खोका देखो, उसपर का नंबर बोलो. आरामसे बोलो, पण जल्दी बोलो!" तो आकडे सांगत गेला, काकू प्रत्येक शेतकऱ्याचा माल ट्रकच्या फेरीतून सोडवून त्या त्या टेम्पोच्या फेरीला जोडत गेल्या. एक खोकं या टेम्पोतून त्या टेम्पोत आणि परत पहिल्यात गेलं, तिथे मात्र लायब्ररी अडली. काकूंनी तेवढं कागदावर लिहून घेतलं आणि पुढे गेल्या. बघता बघता सगळ्या शेतकऱ्यांना आपापल्या टेम्पोचा नंबर गेला आणि ते वाटेवर येऊन उभे राहिले.

संध्याकाळी त्या बाईंचा फोन आला. थोडी पिल्लं दगावली होती, बाकीची पाणी पीत होती. काकूंनी ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चहा सांगा कुणीतरी. माझा तर घसा पार बसला."

अडलेली जागा मात्र त्या विसरल्या नाहीत. लायब्ररीतली ती चूक त्यांनी स्वतः दुरुस्त केली आणि लिहिणाऱ्या मंडळींना पाठवली, सोबत पिल्लांची सगळी हकीकत जोडून. तिकडून आभार आले, दुरुस्ती स्वीकारली गेली. मग पत्रव्यवहार सुरू झाला, आणि एक दिवस त्यांनी काकूंना तिकडे कामालाच बोलावलं.

"माझं इंग्लिश वैजापूरच्या स्टँडवर उतरतं, त्याच्या पुढं जात नाय," असं म्हणून काकूंनी नकार लिहायला घेतला. त्यांचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, अतिशय अबोल माणूस. दुसऱ्या दिवशी ते गुलमंडीच्या बाजारातून एक मोठी बॅग घेऊन आले आणि काकूंच्या पुढ्यात ठेवली. नकार अर्धाच राहिला.

निरोप द्यायला आम्ही सगळे विमानतळावर गेलो. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "माझ्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसवा. खुर्ची रिकामी ठिवून उदबत्ती लावत बसू नका, काय?"

"व्हय," मी त्यांच्याच भाषेत म्हणालो.

काकू आत गेल्या. गुरुजी काचेपाशी उभे राहून बराच वेळ आत बघत होते. त्या दिसेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे वळले आणि हळूच विचारलं, "साहेब, वरणाला फोडणी देताना आधी मोहरी का आधी जिरं?"