दर अर्ध्या तासाला दाजी

जगातली प्रत्येक वस्तू जागेवरून हलण्यासाठीच जन्माला येते आणि तिला परत जागेवर आणण्यासाठी आपण जन्माला आलो आहोत, असं मानणारा माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आमच्या घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात. राहायला परंड्याला. आमच्याकडं आले की आधी स्वतःच्या चपला सरळ लावतात, मग आमच्या, आणि पाण्याचा पेला हातात घेण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात. एकदा आमच्या स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, "दिवाळीत साखरेचा डबा डावीकडं होता." बायको म्हणाली, "दाजी, दिवाळीची साखरबी संपली."

दाजी एका पतसंस्थेच्या सगळ्या शाखांचे संगणक सांभाळतात. मी तिथंच हिशेब तपासतो, म्हणून हे सांगू शकतो. पूर्वी ते एसटीनं शाखोशाखी जाऊन एकेक संगणक हातानं नीट करायचे. मग त्यांना सॉफ्टवेअरचं एक साधन सापडलं. संगणक कसा असावा, हे एका फाइलीत लिहून ठेवायचं. साधन दर अर्ध्या तासाला सगळ्या शाखांमधून फिरतं आणि कुणी काही बदललं असेल तर मुकाट्यानं पूर्ववत करतं. शिवाय मोफत, आतली रचनाही उघडी, कुणीही वाचावी, सुधारावी. मोफत म्हटल्यावर संचालक मंडळ घाबरलं. "जगभरची माणसं मिळून हे लिहितात आणि वाटून टाकतात," दाजींनी समजावलं. चेअरमन म्हणाले, "त्यांना घरी कामं न्हाईत का?" अखेर मंजुरी मिळाली, पण 'मोफत' बरं दिसत नाही म्हणून ठरावात 'अल्प खर्चात' असं लिहिलं गेलं. अल्प म्हणजे किती, असं मी विचारलं तेव्हा सभा चहासाठी उठली.

त्यानंतर दाजींच्या सुखाला पार राहिला नाही. उमरग्याच्या व्यवस्थापकानं पडद्यावर नातवाचा फोटो लावला, अर्ध्या तासात नातू गायब. "एकच हुकूम दहादा द्या, काम एकदाच होतं," दाजी कौतुकानं सांगायचे. आतून थोरल्या मेहुणीबाईंचा आवाज यायचा, "मी दहादा सांगते, इथं एकदाबी व्हत न्हाय."

मग येडशी शाखेतला एक संगणक रोज बिघडू लागला. कुणीतरी अक्षरं मोठी करायचं, साधन लहान करायचं, परत कुणीतरी मोठी. दाजींना हा सरळसरळ बंडाचा प्रकार वाटला. गुन्हेगार पकडायला ते स्वतः येडशीला गेले. काउंटरवर शेखबाई होत्या, नाक पडद्याला टेकायच्या बेतात.

"साहेब, बरं झालं आलात," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी मोठं करते, चहा पिऊन येईस्तोवर मुंगीएवढं! काय बला आहे कळंना."

तीनचा आठ वाचून त्यांनी एकाची ठेव दुसऱ्याच्या खात्यावर जमा केली होती. पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल, असं व्यवस्थापकानं बजावलं होतं. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, म्हणून डोळ्यांचं त्यांनी दाजी येईपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी दाजी आमच्याकडं आले ते थेट खुर्चीत बसले. चपला दारात वाकड्याच. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणालो, "तेवढ्या एका संगणकाला सूट द्या की."

"सूट? आज येडशी, उद्या उमरग्याचा नातू! नियम म्हणजे नियम."

"मग बाईंना बसवा घरी," बायको म्हणाली आणि कपबशी जरा जोरातच ठेवली.

दाजी चहा न पिताच उठले. दुसऱ्या दिवशी शाखा उघडल्या तर सगळीकडं अक्षरं टपोरी. उमरग्याहून फोन आला, "अहो, हे काय विटेएवढं!" दाजी म्हणाले, "सगळ्यांना सारखं आहे. बदलून बघा."

शेखबाई त्याच काउंटरवरून मानानं निवृत्त झाल्या. आता तिथं नवी मुलगी बसते, तिची नजर घारीची. "आता करा की लहान," मी परवा म्हणालो. दाजींनी चष्मा काढला, पुसला, बराच वेळ पुसला. "राहू द्या," म्हणाले. "कुणाची नजर कधी अधू व्हईल, ते मला कुठं लिहून ठेवता येतंय?"

 अक्षरं टपोरी झाली त्या दिवसापासून माझ्या पडद्यावरचे आकडेही मला नीट दिसतात.