मूठभर जवळा

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. मुंबईत एका प्रयोगशाळेत मी बाटल्या धुवायला होते. डेअरीत दूध फाडून चोथा काढला की जे हिरवट पाणी उरतं, त्यावर तिथं यीस्ट वाढवायचे. मग ते वाळवून, त्याची पिवळी पूड करून पांढऱ्या उंदरांना चारायची. फेकायच्या पाण्यातून माणसाचं अन्न! माझा ऊर असा भरून यायचा, जणू शोध मीच लावलाय.

इकडं आगरदांड्याला माझी आये वाळत चालली होती. भावाची होडी बुडताना कुणी पाहिली नव्हती, ती नुसती परत आली नव्हती. तो घरी येईतो मासळी तोंडात घालणार नाही, असा आयेनं देवीला शब्द दिला होता. कोळ्याच्या घरात मासळी सोडली की उरतं काय? भाकरी आणि मिरची. दोन वर्षांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पाय सुजले. तरी रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसायची ती बसायचीच.

मी आमच्या सरांपुढं रडले. त्यांनी डबाभर पूड दिली. म्हणाले, "प्रथिनं चांगली आहेत हिच्यात, पण एक घटक कमी पडतो. नुसत्या पुडीवर आमचे उंदीर रोडच राहिले. सुकी मासळी कुटून मिसळली, तेव्हा कुठं वाढले."

घरी आले आणि आयेला बघून माझं डोकंच फिरलं. वाट बघायला आधी जिवंत तरी राहा ना, बाई! भाकरीच्या पिठात पूड घातली, आणि शेजारून मूठभर जवळा आणून, भाजून, कुटून तोही घातला. जवळा वाळवण्यात जन्म गेलेल्या बाईला तो कळणार नाही, असं मला वाटलं. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

पहिल्याच घासाला ती थांबली. ओरडली असती तर किती बरं झालं असतं.

"तुला मुंबैत कायतरी समजलंय," ती म्हणाली. "तो आता येत न्हाय. म्हनून घातलास ना गो?"

मला काहीच समजलेलं नव्हतं. पण तसं म्हटलं असतं तर तिनं भाकरी खाली ठेवली असती. मी पुढची भाकरी तव्यावर टाकली. तिनं भाकरी संपवली.

त्यानंतर ती चांगली नऊ-दहा वर्षं जगली. मासळी खायची, अंगही भरलं. धक्क्यावर मात्र पुन्हा कधी गेली नाही. मला अजून ती तिथंच हवी असते, सुजलेले पाय खाली सोडून खाडीकडं बघत बसलेली. फार हवी असते.

त्या सुट्टीनंतर कामावर गेले तेव्हा सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, तो घटक तिळातही असतो. तीळ घातले असतेस तरी चाललं असतं."

मी घरी गेले तेव्हा संक्रांत होऊन आठवडाही झाला नव्हता. उरलेल्या तिळांचा डबा पिठाच्या डब्यापुढंच होता. पीठ काढताना मीच तो बाजूला सारला होता.