भट्टीतले बारीक चौकोन

माझी बायको कॉम्प्युटरवर आग लावते. पलूसला स्थळ बघायला गेलो तेव्हा मध्यस्थानं एवढंच सांगितलं होतं, तरी मी होकार दिला.

तिचं काम असं. साखर कारखान्याची भट्टी तीन मजली उंच, पण आतल्या ज्वाळेचा खरा जळणारा थर नखाहून पातळ. कॉम्प्युटर भट्टीचे चौकोनी तुकडे पाडतो आणि एकेका तुकड्यातली हवा, उष्णता यांचं गणित मांडतो. सगळीकडे बारीक तुकडे केले तर ते गणित आमच्या हयातीत सुटायचं नाही. मोठे ठेवले तर तो पातळ थरच हातचा निसटतो. कुठे बारीक बघायचं आणि कुठे कानाडोळा करायचा, हे ठरवण्यात तिची सगळी अक्कल पणाला लागते. मी बोलत राहतो, चहा गार होतो, आणि बाईसाहेब एका चौकोनात अडकलेल्या. मला तिचं फार कौतुक आहे.

मध्यंतरी आमच्या भागातल्या कारखान्यात उसाचा भुसा अर्धवट जळून धुराड्यातून उडायला लागला. भट्टीत जादा हवा सोडायला भोकं कुठे पाडायची, ते तिनं काढून दिलं. कॉम्प्युटरवर जाळाचं चित्र इतकं देखणं आलं की चेअरमननी लगेच सत्कार ठरवला. आमच्याकडे काम पुरं होण्याआधी फ्लेक्स लागतो.

तिनं मात्र चौकोन आणखी बारीक करून तेच गणित पुन्हा लावलं होतं. सत्काराच्या दिवशी सकाळी उत्तर आलं, ते वेगळंच. गाडीत तिनं मला सांगितलं. मी म्हणालो, "आज शाल घे, उद्या सांग."

"उद्या भोकं पाडायला गॅसकटर येतोय," ती म्हणाली.

मंचावर शाल पुढे आली तशी तिनं माईक मागितला. "माझं उत्तर चुकलंय, साहेब. त्या जागी भोकं पाडली तर जाळ पाण्याच्या नळ्यांवर जाईल. नळी फुटली तर खाली माणसं असतात."

चेअरमननी शाल खाली ठेवली.

"आन फुडचं उत्तर बी चुकलं तर, पोरी?" चेअरमननी विचारलं.

"तवा बी मीच येऊन सांगीन."

चेअरमननी माईकवरूनच उद्याचं काम थांबवलं. माझ्या शेजारी आमच्याच गावचा, बॉयलरवर काम करणारा एक जण बसला होता. तो हळूच म्हणाला, "त्या नळ्यांखाली माजीच ड्युटी असतीया."

लहानपणापासून तो मला दादा म्हणायचा. त्या दिवसापासून तो तिला ताई म्हणतो आणि मला दाजी.