सूचना करा, मागणी नको

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या शहरात पाण्यावर बोलणारी माणसं पाण्यापेक्षा जास्त झाली होती. चौकाचौकांत फलक लागले होते, पाणी वाचवा. उस्मानपुऱ्यात आमच्या युनियनच्या ऑफिसखाली असाच एक फलक होता. त्याच्या बांबूपासून टँकरसाठी ड्रमांची रांग सुरू व्हायची. शहर मात्र फुगतच चाललं होतं. परवापर्यंत ज्वारी होती तिथं दहा-दहा मजले उभे राहत होते, आणि त्यांच्या जाहिरातीत निळाशार पोहण्याचा तलाव छापलेला असायचा. वाचवायचं कुणी आणि पोहायचं कुणी, हे फलकावर लिहिलेलं नव्हतं.

मी तेव्हा कॉलेज करून युनियनची पत्रकं लिहायची. शिकवलं सेक्रेटरी काकांनी. आधी काय झालं ते सांगायचं, मग काय पाहिजे ते, आणि विशेषणं अजिबात नकोत. "विशेषणाला शाई लागते आणि शाईला वर्गणी," असं ते म्हणायचे.

माझा मोठा भाऊ वाळूजकडच्या एका कारखान्यात प्लेटिंग खात्यात होता, ठेकेदाराच्या हाताखाली. आमची माणसं मूळची खुलताबादच्या डोंगराकडची, मेंढरं वळणारी. दादा आमच्या घरातला कारखान्यात गेलेला पहिला. लोखंडी सुट्या भागांवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवायचा, हे त्याचं काम. मुलाम्याच्या रसायनाच्या हौदातून जी वाफ निघते ती अंगावर बसते. हातांना बारीक खड्डे पडतात, नाक आतून सोलवटतं. म्हणून त्या खात्याला लागूनच न्हाणीघर होतं. जुन्या संपात युनियननं ते भांडून मिळवलं होतं. शिफ्ट सुटली की परमनंट असो नाहीतर ठेक्यावरचा, सगळे आंघोळ करून, कपडे बदलूनच बाहेर पडायचे.

धरण तळाला गेलं. कारखान्यांना पाणी जपून वापरा असा हुकूम आला. कंपनीनं सगळ्यांत आधी काय केलं? न्हाणीघराला कुलूप लावलं. गेटसमोरची हिरवळ हिरवीच राहिली. साबणाची वडी मात्र दर महिन्याला मिळत होती, कारण ती करारात लिहिलेली होती. पाणी लिहायचं राहून गेलं होतं. साबणाबरोबर पाणी द्यावं लागतं, हेही कागदावर घ्यावं लागेल, असं करार करणाऱ्यांच्या डोक्यात कुठून यावं!

आता दादा तसाच घरी यायला लागला. त्याची मुलगी नुकती रांगायला शिकली होती. त्याच्या पावलांचा आवाज आला की ती उंबऱ्याकडं रांगत सुटायची, आणि हा दोन्ही हात पाठीमागं धरून दारातच उभा. ती पायाला धरून वर बघायची, मग भोकाड पसरायची. वहिनी तिला उचलून आत न्यायची नि तिथूनच ओरडायची, "अहो, पाणी अंगावर घेणार का कपड्याला वापरू? दोन्हीला नाय पुरणार."

नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. वहिनीनं ड्रमातलं पाणी काढून त्याचे कपडे पिळले की ते पिवळं व्हायचं आणि गल्लीतल्या गटारीत जायचं. त्या गटारीच्या काठावरच शेजारणींचे ड्रम. म्हणजे कंपनीनं वाचवलेलं पाणी आमच्या ड्रमातून खर्च होत होतं आणि कंपनीचं विष आमच्या गल्लीत उतरत होतं. याला जलबचत म्हणत होते. त्यासाठी कंपनीला बक्षिसाची कसलीशी ढालसुद्धा मिळाली.

त्याच कंपनीनं मग कामगारांसाठी जलसाक्षरतेचं शिबिर ठेवलं. त्याच हिरवळीवर मंडप, खुर्च्या, चहा. युनियनकडून मी गेले होते. शहरातून एक मॅडम आल्या होत्या, बाई स्वभावानं चांगल्या. हात पुढं करून शपथ झाली. मग त्यांनी फळ्याजवळ उभं राहून विचारलं, "घरी पाणी कसं वाचवाल, सांगा बरं?"

माणसं चहाचे कप खाली ठेवायला लागली. तेव्हा त्याच म्हणाल्या, "दाढी करताना नळ बंद ठेवायचा."

दादाच्या खात्यातला एक जुना परमनंट कामगार, जुन्या शहरातला, बसल्या जागेवरून म्हणाला, "मॅडम, नल बंद करने कू पहले उसमें पानी तो आना ना!"

मंडप हसला. मॅडमही हसल्या. मग दादा उठला. दादा कधी सभेत बोलत नाही.

"आम्ही इथं कंपनीत आंघोळ करून जातो," तो म्हणाला. "घरचं पाणी वाचंल. लेकरंबी वाचतील."

मॅडमनी ते फळ्यावर लिहायला घेतलं. 'कंपनीत' एवढा शब्द झाला असेल, तोवर मॅनेजर साहेब खुर्चीतून उठले. "नाही नाही. ही मागणी झाली. मागणीसाठी वेगळं व्यासपीठ आहे. हा पर्यावरणाचा कार्यक्रम आहे. सूचना करा, मागणी नको."

मॅडमनी खडू खाली ठेवला.

त्या दिवसापासून हे दोन शब्द माझ्या डोक्यात हातोड्यासारखे वाजत राहिले. मालक पाण्यावर बोलला की ते धोरण. मॅडम बोलल्या की शिक्षण. पुढारी बोलला की तळमळ. आणि ज्याच्या कातडीला भोकं पडली तो बोलला की मागणी! विष अंगावर घेऊन जाणारा माणूस पर्यावरणात मोजायचा नाही, कारण तो झाड नाही, पक्षी नाही आणि त्याला तोंड आहे.

त्याच सुमारास शहराच्या पाण्याचं धोरण ठरवायला एक समिती बसली आणि तिच्यात कामगारांनाही एक खुर्ची मिळाली. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. निवेदन मी लिहिलं होतं. दूषित कपडे घरी जातात, गटारीत उतरतात, म्हणून कारखान्यातलं न्हाणीघर हा पर्यावरणाचाच प्रश्न आहे. विशेषण एकही नाही. फक्त वर काकांनी हातासरशी ठोकलं, 'मागणीपत्र'. त्यांनी आयुष्यभर दुसरं काही लिहिलंच नव्हतं.

समितीच्या साहेबांनी मथळा वाचला आणि कागद परत सरकवला. हे कामगार कार्यालयात द्या. कामगार कार्यालय म्हणालं, पाणी आमच्याकडं येत नाही.

"काका, वर 'सूचना' लिहा," मी म्हणाले.

"युनियन सूचना करत नसते. सूचना पेटीत टाकतात."

"एका शब्दासाठी अडून बसायचं का?"

"त्या एका शब्दासाठी मी जेलात जाऊन आलोय, पोरी."

"मग दादानं लेकरापुढं हात मागं धरूनच उभं राहायचं, व्हय?"

काकांनी खिडकीतून खालच्या ड्रमांच्या रांगेकडं बघितलं. मग त्यांनी 'मागणीपत्र' खोडलं आणि 'सूचना' लिहिलं. अक्षर इतकं वाकडं काढलं की मला वाटलं, मुद्दामच.

समितीनं सूचना लगेच स्वीकारली. टाळ्याही पडल्या म्हणे. कारखान्यांनी शक्य तिथं कामगारांच्या आंघोळीची सोय करावी, असं ठरलं. आमच्या कंपनीला जेवढं शक्य झालं तेवढं तिनं केलं. न्हाणीघर उघडलं, परमनंट कामगारांसाठी. ठेक्यावरची माणसं ठेकेदाराची, त्यांची आंघोळही त्याची. ठेकेदार म्हणाला, माझ्याकडं कुठं पाणी आहे?

मी ऑफिसात गेले तर काका पेढे वाटत होते. "चल, विजयाचं पत्रक काढ."

"कुणाचा विजय? परमनंटच्या अंगाला क्रोम लागतं आणि आमच्या दादाच्या अंगाला काय अत्तर?"

"अगं, पाऊल तर पडलं."

"मग उरलेल्यांसाठी गेटवर बसू. उद्याच."

"कशासाठी बसायचं? ती आता सूचना आहे. मागणी असती तर बसलो असतो." ते हे मला टोचायला म्हणाले नाहीत. थकून म्हणाले. पण मी पेढा तिथंच ठेवला आणि पत्रक लिहिलं नाही. वर्गणी परमनंट लोकांची येते, हे मला कळत होतं. काकांनाही कळत होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. पत्रक दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं. त्यात विशेषणं लई होती.

दादानं दोन आठवडे वाट बघितली. मग कुणाला न सांगता नोकरी सोडली आणि शहरातल्या छावणी भागात एका गोदामावर वॉचमन म्हणून लागला. पगार निम्म्याच्या आसपास. त्याच्या जागेवर दुसऱ्या दिवशी नवा माणूस उभा होता, आमच्याच गावाकडचा, नुकतं लग्न झालेला. मी त्याला गेटवर गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, काम हाय हेच लई झालं."

पहिल्या दिवशी छावणीहून आल्यावर दादानं दारात चपला काढल्या आणि वाकून सरळ मुलीला उचललं. तिनं आधी त्याचा कान धरला, मग मिशी. तो तिला खांद्यावर घेऊन दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत राहिला. वहिनी चुलीकडं तोंड करून उभी होती, तिचे डोळे मला दिसले नाहीत.

आई म्हणाली, "सुटला बाई एकदाचा प्रश्न."

"प्रश्न कुठं सुटला? नोकरी सुटली," मी म्हणाले. "उद्या त्या नव्या माणसाच्या घरी हेच व्हणार. आणि तिकडं हिरवळीवर पुन्हा शपथ घेतील, पुन्हा ढाल—"

"तू जरा हळू बोल," दादा म्हणाला. "झोपायलीय ती."